पाठांतर आणि उमज : गणित, भौतिकशास्त्र आणि भाषा शिकण्याविषयी



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत शिकण्याविषयी बोलावे, हे उचितच. विषय जुना आहे. पाठ करावे की समजून घ्यावे? आपल्याकडे पालकसभेपासून विधानसभेपर्यंत हा वाद रंगतो. पाढे पाठ नाहीत म्हणून मुलांना हिशेब येत नाही, असे एक पक्ष म्हणतो. घोकंपट्टीने मुलांची बुद्धी मारली, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष तळमळीने बोलतात आणि दोघांच्याही हाताशी पुरावे असतात.

परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला मात्र हा प्रश्न पडत नाही. शब्द पाठ नसतील तर त्याचे तोंड उघडत नाही, आणि तोंड उघडले नाही तर पाठ केलेले शब्द चार दिवसांत उडून जातात. तो सकाळी घोकतो आणि संध्याकाळी बोलतो. गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात घोकणे टिकले, बोलणे गळून पडले. ते परत आणता येते, असे या व्याख्यानाचे म्हणणे आहे. त्यासाठी काही माणसांच्या शिकण्याकडे जरा जवळून पाहावे लागेल.

पहिला माणूस रिचर्ड फाइनमन. 1951-52 मध्ये हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे जवळजवळ दहा महिने शिकवत होता. त्याच्यासमोर बसलेली मुले पुढे स्वतः शिक्षक होणार होती. विद्युतचुंबकत्वाचा विषय चालू असताना त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. ध्रुवीभूत प्रकाशाविषयी एका प्रकारे प्रश्न विचारला की मुले ताडकन, बिनचूक उत्तर देत. तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की वर्ग गप्प. परावर्तित प्रकाश कोणत्या कोनात पूर्ण ध्रुवीभूत होतो, याचे सूत्र त्यांना येत होते. तेव्हा फाइनमनने त्यांना पोलरॉइडच्या पट्ट्या डोळ्यांपुढे धरून खिडकीबाहेरच्या समुद्राकडे पाहायला आणि पट्टी फिरवायला सांगितले. पाण्यावरून येणारी चकाकी कमीजास्त होताना पाहून मुले चकित झाली. विशिष्ट अपवर्तनांक असलेले माध्यम म्हणजे समोरचे पाणी असू शकते आणि पुस्तकातला प्रकाशकिरण म्हणजे आपल्याच डोळ्यांत शिरणारा उजेड, हे त्यांना कधी कोणी जोडून दाखवलेच नव्हते.

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या तोंडी परीक्षेतही हेच. समांतर पृष्ठांच्या काचेतून तिरका किरण गेला तर काय होते, याचे उत्तर एका विद्यार्थ्याने उत्तम दिले. किरण स्वतःला समांतर राहून बाजूला सरकतो, हे त्याने सांगितले आणि किती सरकतो हेही काढून दाखवले. परीक्षा झाल्यावर फाइनमनने त्याला टेबलावरचे पुस्तक दाखवले आणि विचारले, हे काचेचे असते व यातून पलीकडची वस्तू पाहताना ते तिरके केले, तर प्रतिमेचे काय होईल? मुलाने भलतेच उत्तर दिले. दहा मिनिटांपूर्वी त्याने हाच प्रश्न सोडवला होता.

मुक्कामाच्या शेवटी दिलेल्या भाषणात फाइनमनने एक दाखला दिला. समजा, ग्रीक भाषेवर प्रेम असलेला एक विद्वान दुसऱ्या देशात गेला. तिथे लहान मुलेसुद्धा ग्रीक शिकतात हे पाहून तो हरखला. त्याने एका विद्यार्थ्याला सत्य आणि सौंदर्य यांच्या नात्याविषयी सॉक्रेटिसचे विचार विचारले, तर विद्यार्थी गप्प. अमुक संवादात सॉक्रेटिस प्लेटोला काय म्हणाला, असे विचारल्यावर मात्र त्याने अस्खलित ग्रीकमध्ये सगळे म्हणून दाखवले. त्या म्हणण्यात सत्य आणि सौंदर्य यांच्या नात्याचीच चर्चा होती. भौतिकशास्त्राची दुर्दशा दाखवायला फाइनमनला भाषेचा दाखला घ्यावासा वाटला, यात बरेच काही आले. त्याने एक पाठ्यपुस्तक उघडून एक व्याख्याही वाचली. स्फटिक चिरडले असता बाहेर पडणाऱ्या प्रकाशाला पुस्तकाने भारदस्त नाव दिले होते आणि पुढे पुन्हा शब्दच होते. अंधारात साखरेचा खडा पकडीने फोडून पाहा, निळसर चमक दिसेल, असे लिहिले असते तर एखाद्या मुलाने घरी जाऊन ते करून पाहिले असते, असे त्याचे म्हणणे होते.

असे बोलण्याचा अधिकार त्याने ब्राझीलमध्येच कमावला होता. आधीच्या, 1949 सालच्या भेटीत तो तिथल्या विज्ञान अकादमीत बोलायला उभा राहिला. त्याच्या आधीच्या स्थानिक वक्त्यांनी इंग्रजीत भाषणे केली. फाइनमनने मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये भाषण केले. स्वतःला येणाऱ्या शब्दांतच त्याने ते लिहून काढले होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांकडून फक्त व्याकरण तपासून घेतले होते. ऐटबाज शब्द त्याने टाळले, कारण ते त्याचे नव्हते.

ही शिस्त लहानपणची होती. वडिलांनी त्याला रानात फिरताना शिकवले होते, की एखाद्या पक्ष्याचे नाव दहा भाषांत माहीत झाले तरी त्या पक्ष्याविषयी काहीच कळलेले नसते. तो काय करतो हे पाहायला हवे. शाळकरी वयात त्याने त्रिकोणमिती स्वतःच बसवली तेव्हा छापील चिन्हे त्याला पटेनात. ज्या आणि कोज्या यांची तीन-तीन रोमन अक्षरे म्हणजे तीन संख्यांचा गुणाकार वाटतो, म्हणून त्याने स्वतःची चिन्हे तयार केली. ती खरोखरच सोयीची होती. मग एकदा मित्राला उदाहरण समजावताना त्याने तीच चिन्हे काढली आणि मित्राने विचारले, हे काय आहे? दुसऱ्याशी बोलायचे तर सगळ्यांची चिन्हे वापरावी लागतील, हे त्याला तेव्हा कळले. त्याने आपली चिन्हे सोडून दिली. गणितातला रूढ संकेत पाठ का करायचा, याचे इतके प्रामाणिक कारण क्वचितच कोणी सांगितले असेल.

फाइनमनची गोष्ट सांगून अनेक जण थांबतात आणि पाठांतर वाईट, असा निकाल देऊन टाकतात. पण अमेरिकेतल्याच बार्बरा ओकली यांची कहाणी दुसऱ्या बाजूची आहे.

ओकलींना शाळेत गणित आणि विज्ञान अजिबात जमत नव्हते. शालेय शिक्षण संपल्यावर त्या सैन्यात गेल्या, कारण तिथे भाषा शिकायला मिळत होती. रशियन त्या सैन्याच्या भाषासंस्थेत शिकल्या, मग त्यांनी स्लाव्हिक भाषांची पदवी घेतली आणि पश्चिम जर्मनीत संदेशदळात अधिकारी म्हणून काम केले. तिथे रेडिओ आणि केबल यांच्याशी रोजचा संबंध आला. बरोबरच्या अभियंत्यांना प्रश्न सोडवताना पाहून त्यांना आपली उणीव जाणवली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी सैन्य सोडून त्यांनी बीजगणिताचा अगदी प्राथमिक, मागे पडलेल्यांसाठीचा वर्ग धरला. पुढे त्या विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठात त्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापक झाल्या, आणि टेरेन्स सेजनोव्स्की या मेंदूशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी 2014 मध्ये सुरू केलेला ‘शिकायचे कसे’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम जगभरच्या विद्यार्थ्यांनी केला.

त्या गणित शिकल्या त्या रशियन शिकण्याच्या रीतीने. नवे क्रियापद मिळाले की भाषा शिकणारा ते सगळ्या काळांत, सगळ्या पुरुषांत चालवून पाहतो, वाक्यात घालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवतो, आठवड्याने पुन्हा. ओकलींनी समीकरणांना हेच केले. न्यूटनचा दुसरा नियम त्यांनी नुसता वाचला नाही. बल म्हणजे आपण दिलेला धक्का, वस्तुमान म्हणजे त्या धक्क्याला होणारा जड विरोध, त्वरण म्हणजे वेग वाढतानाची ती पोटातली भावना, असे प्रत्येक चिन्ह त्यांनी अंगी लावून घेतले. मग ती चिन्हे एकमेकांशी खेळवली. वस्तुमान दुप्पट केले तर काय, बल निम्मे केले तर काय. एकदा समजले की झाले, यावर त्यांचा विश्वास नव्हता. समजलेले उदाहरण हात न अडखळता सुटेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा सोडवत. समजण्याचा आनंद त्या क्षणाचा असतो, प्रभुत्व सरावाने येते, हे त्यांना परक्या भाषेने शिकवले होते.

याला प्रयोगाचा आधारही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. डोळ्यांसमोरचे पुन्हा पाहण्याने ओळख वाढते. आतून काढून मांडण्याने ते आपले होते.

आता घरी येऊ. महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत आणि सामुदायिक सुरात पाढे म्हणत. हे पाढे पूर्णांकांवर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, इथवर मजल जाई. आज हे ऐकून एखाद्याला तो निव्वळ छळ वाटेल. पण त्या काळचा बाजार डोळ्यांपुढे आणा. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. साडेतीन आणे शेर भावाने सात शेर घेतले तर किती, याला औटकी साडेचोवीस आणे असे उत्तर देते आणि वाणी लगेच एक रुपया साडेआठ आणे मागतो. अपूर्णांकांचा पाढा म्हणजे बाजारात बोलली जाणारी भाषा होती. मुलगा शाळेत जे घोकत असे, ते त्याच संध्याकाळी दुकानात कानी पडे.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि 1958 पासून मापेही टप्प्याटप्प्याने दशमान झाली. औटकीला काम उरले नाही. ती एका पिढीत गेली, आणि जायलाच हवी होती. सव्वा, दीड, अडीच हे शब्द मात्र टिकले, कारण ते आजही दूधवाल्याशी आणि शिंप्याशी बोलताना लागतात. पाठांतर कधी जिवंत राहते आणि कधी मरते, याचे याहून चांगले उदाहरण शोधायची गरज नाही.

आणखी मागे गेले की भास्कराचार्य भेटतात. 1114 मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने 1150 मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. सगळा ग्रंथ श्लोकबद्ध आहे, म्हणजे पाठ करण्यासाठीच रचलेला. पण त्यातली उदाहरणे पाहा. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, आणि या दोन हिश्शांच्या फरकाची तिप्पट कुटजावर. एक भुंगा दोन सुगंधांच्या ओढीने हवेतच घोटाळत राहिला. तर भुंगे किती? उत्तर पंधरा : तीन, पाच, सहा आणि एक. आकडेमोड चौथी-पाचवीची आहे. अवघड आहे ते वाक्य. ‘फरकाची तिप्पट’ म्हणजे कशाची तिप्पट, हे ज्याला वाचता येते त्याचे अर्धे गणित सुटले. भास्कराचार्यांनी नियम पाठ करायला दिला आणि लगेच सुंदर भाषेतले उदाहरण देऊन तो नियम वापरायला लावला. दोन्ही कामे एकाच वृत्तात चालतात.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्या मठाला मिळालेल्या दानांची ती नोंद आहे. लेख संस्कृतात आहे, पण बाजारातल्या मालावरच्या कराचा कोणता वाटा मठाला द्यायचा, हे सांगणारा भाग जुन्या मराठीत कोरलेला आहे. जे व्यवहारात पाळायचे होते ते लोकांच्या भाषेत लिहावे लागले. आठशे वर्षांपूर्वी एका गणितशाळेचा खर्च मराठीत मांडला गेला, ही आपल्यासाठी अभिमानाची आणि जबाबदारीचीही गोष्ट आहे.

ती जबाबदारी 2019 च्या जूनमध्ये पुन्हा समोर आली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचायला शिकवल्या गेल्या आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विश्लेषक संख्यासिद्धांतात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती आणि मुलांना गणित गोडीने कळावे म्हणून मराठीत पुस्तके लिहिली होती. त्यांचा मुद्दा असा होता, की मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. ‘सत्तावीस’ ऐकलेले मूल कानाने सात आधी ऐकते आणि 72 लिहून बसते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, पण लिहायचे असतात वीस आणि नऊ. शिवाय एकवीस ते नव्याण्णव ही नावे ठरावीक नियमाने तयार होत नाहीत. बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव, यात ‘दोन’चे रूप बदलत राहते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जात नाही, किंवा जे आदिवासी पाड्यावरून शाळेत येते, त्याला गणिताच्या पहिल्या पायरीवरच शब्दसंग्रहाचा डोंगर चढावा लागतो.

शेजारच्या कन्नडमध्ये वीस आधी येतात आणि एक नंतर. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ ‘दहा एक’. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले, की चिनी आणि अमेरिकी मुले दहापर्यंत सारखीच मोजतात आणि फरक दहाच्या पुढे, इंग्रजी नावे अनियमित होतात तिथे पडतो. म्हणजे नारळीकरांच्या म्हणण्यामागे केवळ कळवळा नव्हता, अभ्यास होता.

विरोध करणाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. ‘पंचाहत्तर’ हा शब्द आजीच्या तोंडी आहे, लग्नाच्या आहेरात आहे, एसटीच्या तिकिटात आहे. तो गेला तर मूल गणितात सुटेल आणि घरात अडेल. पण जुनी नावे काढून टाका, असे पुस्तकाने म्हटलेच नव्हते. नवी वाट जुनीच्या शेजारी होती. मुलाने आधी संख्येची बांधणी ओळखावी, मग भाषेची रूढ नावे वापरता वापरता पाठ करावीत, हा क्रम शहाणपणाचा होता. त्या गदारोळात हा क्रम समजून घेण्याइतका वेळ फार थोड्यांनी दिला, याचे वाईट वाटते. मंगलाताई 2023 मध्ये गेल्या. त्यांचा प्रश्न अजून वर्गात उभा आहे.

पाठ करण्यासाठीच लिहिलेल्या पुस्तकातून काय घडू शकते, याची परिसीमा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. 1903 च्या सुमारास, शाळेत असतानाच, कुंभकोणमच्या या मुलाच्या हाती जी. एस. कार यांचे पुस्तक पडले. कार केंब्रिजच्या परीक्षेसाठी शिकवण्या घेत. त्यांच्या पुस्तकात सुमारे पाच हजार सूत्रे एकाखाली एक मांडलेली होती आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. आजच्या भाषेत ते गाइड होते. दुसऱ्या कोणी ती सूत्रे घोकली असती. रामानुजन प्रत्येक सूत्राला प्रश्न समजून बसला आणि पाटीवर स्वतःच ते सिद्ध करत गेला. कागद महाग होता. पाटीवर केलेले कोपराने पुसले जाई आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरे.

त्याच्या वाटेत भाषा दोनदा आडवी आली. महाविद्यालयात इंग्रजीत नापास झाल्याने त्याची शिष्यवृत्ती गेली आणि पदवी कधी मिळालीच नाही. दुसरी अडचण अधिक खोल होती. 16 जानेवारी 1913 रोजी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले, त्यात चकित करणारी सूत्रे होती, पण गणितज्ञ ज्या भाषेत एकमेकांची खात्री पटवतात ती सिद्धतेची भाषा नव्हती. 1914 मध्ये तो केंब्रिजला पोहोचल्यावर हार्डींनी ती त्याला शिकवली, आणि शिकवताना त्यांना सतत धास्ती होती की फार काटेकोरपणा लादला तर या माणसाची प्रतिभा बुजेल. त्याच्या वह्यांतल्या सूत्रांच्या सिद्धता देणारे ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड 1985 ते 1998 या काळात प्रसिद्ध झाले. वहीत न लिहिलेल्या ओळींचा शोध इतका काळ चालला.

असाच प्रश्न समजून बसण्याचा संस्कार एका मराठी घरात फळ्यावर झाला. मंगलाताईंचे पती, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर वाराणसीत वाढले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे होते. विद्यापीठात शिकायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर जयंतसाठी एखादे आव्हान लिहून ठेवत. ते शालेय अभ्यासक्रमातले नसे. उत्तर निघेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, फळा पुसला जात नसे. येता-जाता डोळ्यांसमोर प्रश्न. त्या घरात मराठी बोलत, शाळेत हिंदी, पुढे केंब्रिजमध्ये इंग्रजी. 1959 मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले.

विज्ञानात कीर्ती मिळाल्यावर ते मराठीकडे परतले, ते उपकार म्हणून नव्हे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते, कारण परीक्षकांनी कथेकडे पाहावे, नावाकडे नाही. कथेला पहिले बक्षीस मिळाले. कृष्णविवराजवळ काळ मंद चालतो, हे समीकरणात लिहिणे त्यांना सोपे होते. ते माणसांच्या आयुष्यात घडताना मराठीत दाखवायचे तर प्रत्येक कल्पना पुन्हा तपासावी लागे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 20 मे 2025 रोजी ते पुण्यात निवर्तले.

वर्गात हे सगळे कसे आणायचे, यालाही उत्तर आहे. हार्वर्डमध्ये एरिक मेझर भौतिकशास्त्र शिकवत. विद्यार्थी त्यांना उत्तम गुण देत, परीक्षेत अवघड विद्युतमंडले सोडवत. 1990 च्या सुमारास मेझर यांनी त्यांना साध्या कल्पनांची चाचणी दिली. एका विद्यार्थिनीने विचारले, की तुम्ही शिकवले तसे लिहू, की मला खरे वाटते तसे? मेझर हादरले. आकडे घालून मंडल सोडवणाऱ्या कित्येकांना, स्विच दाबल्यावर कोणता दिवा जास्त प्रकाश देईल हे सांगता येईना. एके दिवशी त्यांनी दोनदा समजावूनही वर्गाला कळेना, तेव्हा ते म्हणाले, शेजाऱ्याशी चर्चा करा. वर्गात एकच कल्लोळ उडाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर सापडले. ज्याला नुकतेच कळले आहे त्याला शेजारी कुठे अडला आहे हे शिक्षकापेक्षा लवकर दिसते. तेव्हापासून त्यांच्या वर्गात प्रश्न, स्वतःचे उत्तर, शेजाऱ्याशी वाद आणि पुन्हा उत्तर, असा क्रम रूढ झाला.

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत गेले, मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळांत बसले. विज्ञान अवघड जाते त्यात विज्ञानाचा वाटा किती आणि पुस्तकातल्या संस्कृतप्रचुर भाषेचा किती, हे त्यांनी तपासले. भाषा सोपी केली आणि मुलांना बोलते केले, तर शिकण्यात खरा फरक पडतो, हे त्यांच्या कामातून दिसले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांसाठी मठ उभा राहिला तो जिल्हाही जळगावच.

श्रोतेहो, मागणी मोठी नाही. पाढे पाठ करू द्या, अगदी तीसपर्यंत, पण प्रत्येक पाढ्याला मुलाने स्वतःचे एक शाब्दिक उदाहरण रचावे आणि वर्गाला घालावे. सूत्र फळ्यावर आले की शेजारच्या मुलाला ते सूत्राचे एकही अक्षर न वापरता, घरच्या बोलीत सांगावे, मग ती बोली अहिराणी असो, कोंकणी असो की गोंडी. प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ याच्या खाली लगेच दुसरा प्रश्न यावा : तुमच्या घरातले किंवा शेतातले एक उदाहरण द्या आणि ते या व्याख्येत कसे बसते ते चार वाक्यांत लिहा. दोन्हींना सारखे गुण. यासाठी नवे पुस्तक, नवी इमारत, नवा संगणक यांतले काहीच लागत नाही. सभागृहात आज कितीतरी शिक्षक बसलेले आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक जण येत्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका स्वतःच काढणार आहेत. सुरुवात तिथून करावी, एवढी विनंती.